घराला 'ग्रीन' स्टार पायजेत? मग आधी बादली आणि लाइटबिल काढा

गेल्या दोन-तीन वर्षांत सांगलीत प्लॅन काढायला येणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारतो, साहेब आपलं घर ग्रीन बिल्डिंगमध्ये बसंल का, ते स्टार मिळतात म्हणे. मी विचारतो कसले स्टार, तर उत्तर येतं एसीवर असतात तसले. तिथूनच घोळ सुरू होतो. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या माणसाला लिंक पाठवली की झालं, चहा तेवढा वाचतो.

मी विश्रामबागेत छोटं ऑफिस चालवतो, प्लॅन, एस्टिमेट, साइटवर देखरेख असली कामं. मोठा ग्रीन कन्सल्टंट वगैरे मी नाही. पण दोन-तीन इमारतींचं रेटिंग स्वतः कागद गोळा करून केलंय आणि त्यातल्या एकीत सणसणीत आपटलोय पण, ते पुढं सांगतो.

आधी एसीवरचे स्टार बाजूला ठेवा. ते एका मशिनचे असतात. इमारतीचं रेटिंग म्हणजे त्या प्लॉटवर काय होतं, कुठल्या विटा आल्या, ऊन कुठून शिरतं, पाणी किती लागतं, कचरा कुठं जातो या सगळ्याचा हिशोब करून दिलेले मार्क. हिशोब हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण हे सगळं काम म्हणजे किराणाच्या वहीसारखं आहे, रोज लिहिलं तर पाच मिनिटं आणि वर्षाअखेरीस लिहायला बसलात तर डोक्याला हात.

आपल्याकडं कुठली रेटिंग चालतात ते पटकन बघू. ग्रिहा हे आपलं देशी, टेरी या संस्थेनं केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासोबत केलेलं, १ ते ५ स्टार. आयजीबीसी म्हणजे सीआयआय या उद्योगांच्या संघटनेची हैदराबादची कौन्सिल, २००१ पासूनची, तिथं सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. लीड हे मूळ अमेरिकेचं, त्याच्याही पायऱ्या तशाच. आणि एज हे जागतिक बँकेच्या गटातल्या आयएफसीचं, याचा नियम सगळ्यात सरळ आहे, तुमच्या भागातल्या नेहमीच्या इमारतीपेक्षा वीज, पाणी आणि बांधकाम साहित्य या तिन्हीत किमान २० टक्के बचत दाखवा, बास. शिवाय बीईईचं, म्हणजे एसीवर स्टार देणाऱ्या केंद्राच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेचं, इमारतींचं वेगळं स्टार लेबल असतं, ते निव्वळ विजेवर.

आता तुम्हाला यातलं कुठलं? तुमचं बांधकाम २५०० चौरस मीटरच्या आत असेल तर, म्हणजे बंगला, छोटी अपार्टमेंट, दवाखाना, वसतिगृह, तर ग्रिहाचं धाकटं भावंड आहे स्वग्रिहा ते बघा. १४ निकष, ५० मार्क, २५ ला पास म्हणजे एक स्टार, पुढं दर पाच मार्कांना एक स्टार वाढतो, ४५ ला पोचलात की पाच. स्वतःच्या बंगल्यासाठी आयजीबीसीचं पण नेस्ट नावाचं सोपं रेटिंग आहे. जुनी सोसायटी असेल तर आयजीबीसीचं रेसिडेन्शियल सोसायटीसाठी वेगळं आहे. २५०० च्या वर गेलं की पूर्ण ग्रिहा, त्यात माणसं साइटवर येऊन बघून जातात. माझं मत विचाराल तर आपल्या गावच्या कामांना स्वग्रिहा बरं पडतं, आणि ज्याला फक्त आकडे समजून घ्यायचेत, सर्टिफिकेट नकोय, त्यानं एजचं अॅप उघडून बसावं, ते वापरायला फुकट आहे, पैसे सर्टिफिकेट घेताना लागतात. फी दरवर्षी बदलते, त्या त्या साइटवर बघा, इथं आकडा लिहिला की पुढच्या वर्षी मलाच शिव्या बसतील.

पहिलं काम: आजचं घर मोजा

नवीन घर बांधणार असाल तरी आत्ता राहताय ते घर मोजा. का, तर तुमच्या सवयी त्याच राहणार आहेत.

मी हे पहिल्यांदा नीट केलं ते साताऱ्यात आत्याच्या घरी. आत्या शाहूपुरीत राहते, घर १३०० स्क्वेअर फुटांचं, माणसं चार. मी गेलो तेव्हा आतेभाऊ सोलरवाल्याशी तीन किलोवॅटचा सौदा करत बसला होता. म्हटलं थांब, बिलं काढ. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटचा तक्ता छापलेला असतो तो बघून बारा महिन्यांची बेरीज केली, १८१५ युनिट आली. १३०० स्क्वेअर फूट म्हणजे १२१ चौरस मीटर (१०.७६ नं भागायचं). १८१५ भागिले १२१ बरोबर १५. हा झाला तुमचा ईपीआय, म्हणजे दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट. रेटिंगवाले जो मोठा शब्द टाकतात तो एवढाच आहे, एक भागाकार.

१८१५ युनिट म्हणजे रोजची पाच. एक किलोवॅट सोलर आपल्याकडं रोजची साधारण चार युनिट देतं. मग तीन किलोवॅट कशाला? सबसिडीसाठी. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागं ३०,००० आणि तीन किंवा जास्त असेल तर एकूण ७८,००० मिळतात, त्यामुळं सगळे तीनच लावतात. लावा, माझं काही म्हणणं नाही. पण आधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, नवीन कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी, तिशीच्या आसपास. तीन पंखे दहा तास चालले तर रोजचं सव्वा-दीड युनिट तिथंच वाचतं, म्हणजे रोजच्या पाचातलं पाव. आधी भूक कमी करायची मग ताट वाढायचं, हा क्रम उलटा केला की पॅनेलवर पैसे जातात आणि घर तसंच तापत राहतं.

सोलरचा विषय निघाला म्हणून सांगतो, पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, ते आपल्याच जिल्ह्यांच्या पट्ट्यात आहे. कधी ढेबेवाडीकडं गेलात तर बघून या. रेटिंगचा कागद न वाचता बरंच कळतं.

मग पाणी. आत्याच्या किचनमध्ये दहा लिटरची बादली नळाखाली ठेवली आणि मोबाइलवर टायमर लावला. ५० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १२ लिटर. आत्या म्हणाली, "अरे पाणी काय मोजतोस, कासचं पाणी आहे, देवानं दिलंय." नळाच्या तोंडाला एरेटर बसवला, चकतीएवढी जाळी असते ती, परत बादली ठेवली, ९५ सेकंद लागले. मिनिटाला सहाच्या थोडं वर. आत्याला भांडी घासताना फरकच कळला नाही, उलट म्हणाली आता अंगावर उडत नाही.

इथं एक गोम आहे. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नळाचा प्रवाह लिहिलेला असतो तो बहुतेक तीन बार प्रेशरला. तीन बार म्हणजे टाकी डोक्यावर तीस मीटरवर पायजे, आपल्या बंगल्यात टाकी गच्चीवर, डोक्यावर तीन मीटर. त्यामुळं कॅटलॉगचा आकडा आणि बादलीचा आकडा जुळत नाही. अर्जात कॅटलॉगचं पान लावायचं कारण रेटिंगवाले सगळ्यांना एकाच फूटपट्टीनं मोजतात, पण स्वतःसाठी बादलीवर विश्वास ठेवा.

आणि आता जो हिशोब सांगतो तो करून मी स्वतः गप झालो होतो. जुना फ्लश टँक एका वेळी दहा लिटर सोडतो. चार माणसं, प्रत्येकी पाच वेळा, दिवसाला २०० लिटर. दोन बटणांचा टँक लावला, मोठं ६ लिटर, छोटं ३, माणशी एकदा मोठं चारदा छोटं, झाले १८, चौघांचे ७२. रोजचे १२८ लिटर वाचले, वर्षाचे ४६ हजार सातशेच्या वर. आता पावसाच्या पाण्याचा हिशोब बघा. हजार स्क्वेअर फुटांचं छत म्हणजे ९३ चौरस मीटर, एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी, सांगलीला वर्षाला ६०० मिमी धरा, त्यातलं २० टक्के वाया जातं धरा, ९३ गुणिले ६०० गुणिले ०.८, साडेचव्वेचाळीस हजार लिटर. म्हणजे अख्ख्या छताचं पावसाचं पाणी धरलं तरी ते दोन बटणांच्या टँकइतकंच! आणि पावसाचं सगळं साठवायला टाकी किती मोठी लागेल विचार करा. मी रेनवॉटरच्या विरोधात नाही, बोअरला पाणी सोडायलाच पायजे, ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला तर नियमानंच लागतं. पण लोकं खड्ड्याला चाळीस-पन्नास हजार घालतात आणि फ्लश टँक जुनाच ठेवतात ते बघून वाईट वाटतं. पाऊस अर्थात तुमच्या तालुक्याचा घ्या. महाबळेश्वरला पाच हजार मिमीच्या वर पडतो आणि जत-आटपाडीला पाचशेच्या आसपास, कधी तेवढाही नाही, दोन्हीकडं एकच डिझाइन देणारा कन्सल्टंट भेटला तर हात जोडून परत पाठवा.

बांधकाम संहितेत घरगुती वापराला माणशी रोज १३५ लिटर धरतात. तुमचं किती येतं ते टाकी किती वेळा भरता त्यावरून काढा. आकडा लिहून ठेवा, वीज आणि पाणी, हे दोन आकडे म्हणजे तुमची सुरुवातीची रेघ.

दुसरं: प्लॉट, आणि इथं सांगलीकरांनी जरा जास्त थांबायचं

प्लॅनवर पेन टेकवायच्या आधी पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. निळीच्या आत नदीच्या बाजूला घर बांधायला परवानगीच नाही, निळी-लालच्या मधे असाल तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर ठेवायला लागते. आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, सांगलीत कुणाला ते वेगळं सांगायला नको. पण तरीही मी असे पार्किंग बघितलेत जिथं मीटर रूम, पाण्याची मोटर, इन्व्हर्टर सगळं तळमजल्यावर ओळीनं मांडलेलं. इमारत कितीही ग्रीन असू दे, दर काही वर्षांनी मीटर, मोटर, फर्निचर, दरवाजे उकिरड्यावर जाणार असतील तर त्या कचऱ्याचा आणि नवीन सामानाचा हिशोब कुणी धरायचा? मीटर बोर्ड पहिल्या जिन्याच्या वरच्या टप्प्यावर घ्या. याला मार्क मिळोत न मिळोत.

मग माती. पाया खणताना वरची एक-दीड फूट काळी माती असते ती ट्रॅक्टरवाला तशीच घेऊन जातो, वर तुमच्याकडनं पैसे घेतो. ती कोपऱ्यात वेगळी ढीग करून ताडपत्रीनं झाका, शेवटी बागेला तीच परत पसरायची. झाडं आहेत ती मोजा, फोटो काढा. आवारात पेव्हर ब्लॉक घालायची जी हौस आहे ना ती आवरा, स्वग्रिहाचा पहिलाच निकष कडक फरशी कमी करा हा आहे. गाडीच्या दोन चाकांपुरते पट्टे करा आणि मधे हरळी सोडा.

तिसरं: ऊन, खिडक्या, भिंती, छत

इथं सगळ्यात जास्त मार्क आहेत आणि इथं सगळ्यात कमी पैसे लागतात, कारण हे सगळं कागदावर होतं. पण प्लॅन पास झाल्यावर माझ्याकडं आलात तर मी काही करू शकत नाही.

आपल्याकडं त्रास पश्चिमेच्या उन्हाचा. दक्षिणेचं ऊन वरनं येतं, दीड-दोन फुटी छज्ज्यानं अडतं. पश्चिमेचं आडवं येतं, एप्रिलमध्ये दुपारी चारला थेट सोफ्यावर, छज्जा काय करणार. तिथं उभ्या फिन म्हणजे खिडकीबाहेरच्या उभ्या पट्ट्या, जाळी, नाहीतर झाड. आणि त्या बाजूला जिना, संडास-बाथरूम, स्टोअर टाका म्हणजे मधे गादी तयार होते. गंमत म्हणजे वास्तूवाले नैर्ऋत्य जड ठेवा म्हणतात ते इथं कामाला येतं, मी क्लायंटला दोन्ही कारणं सांगतो, ज्याला जे पटेल ते.

खिडकीचं नीट वाचा, कारण इथं बहुतेक आर्किटेक्ट पण चुकतात. बीईईची घरांसाठीची संहिता आहे, इको निवास संहिता, २०१८ ची. त्यात उघडणाऱ्या खिडकीचं क्षेत्रफळ कार्पेट एरियाच्या किती टक्के पायजे ते हवामानाच्या पट्ट्यानुसार दिलंय, संमिश्र आणि समशीतोष्णला १२.५, उष्ण-दमटला १६.६६. तुमचं गाव कुठल्या पट्ट्यात ते संहितेच्या नकाशावर बघून घ्या. समजा ६०० स्क्वेअर फुटांचा फ्लॅट, १२.५ टक्क्यांनी ७५ स्क्वेअर फूट उघडं तोंड पायजे. आता तुम्ही म्हणाल पाच बाय चारच्या चार खिडक्या आहेत, ८० झाले, पास. नाही! स्लायडिंग खिडकीत एक काच दुसरीच्या मागं सरकते, उघडते अर्धीच. संहितेत दोन ट्रॅकच्या स्लायडिंगला ५० टक्केच धरतात, तीन ट्रॅकला ६७, आणि जुन्या पद्धतीच्या पाखं उघडणाऱ्या खिडकीला ९०. म्हणजे तुमचे ८० चे झाले ४०. आमच्या आजीच्या वाड्यातल्या खिडक्या ९० टक्केवाल्या होत्या, त्या काढून आम्हीच अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवल्या आणि मग एसी घेतला. बाल्कनीचं बाहेर उघडणारं दार पण यात धरता येतं, ते विसरू नका.

भिंतीतनं उष्णता किती आत येते त्याला यू-व्हॅल्यू म्हणतात, आकडा जितका कमी तितकं बरं. नऊ इंची पक्क्या विटेची भिंत दोनच्या आसपास, आठ इंची एएसी ब्लॉक (हलके, आत हवेची छिद्रं असलेले सिमेंटचे ब्लॉक) ०.७-०.८. मग सगळ्यांनी एएसीच वापरावं का? पश्चिम आणि दक्षिणेला वापरा, फरक पडतो. पण ब्लॉकवर खिळा धरत नाही, प्लास्टरला तडे जातात म्हणून आमचे गवंडी नाक मुरडतात, एक जुना मिस्त्री मला म्हणालेला, "सायेब ह्यो ब्लॉक न्हवं, खारी बिस्कीट हाय." त्याचं अर्ध बरोबर आहे, जॉइंटला जाळी मारली आणि ब्लॉक नीट ओले केले की तडे कमी होतात. विटा घेताना फ्लाय अॅशच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातल्या राखेच्या, घेतल्या तर साहित्याच्या निकषात मार्क मिळतात, सिमेंट पीपीसी प्रकारचं घेतलं तरी त्यात फ्लाय अॅश असतेच.

भिंती, काचा, छज्जे हे सगळं मिळून एक आकडा काढतात, आरईटीव्ही, तो घराच्या कवचातनं सरासरी किती उष्णता आत येते ते सांगतो, संहितेत मर्यादा १५ वॅट प्रति चौरस मीटर. बीईईनं याचं टूल दिलंय, खिडक्यांची मापं आणि दिशा भरायच्या की उत्तर येतं. एकदा पश्चिमेची खिडकी सहा फुटांची चार फूट करून बघा, आकडा कसा उतरतो ते डोळ्यानं दिसेल, मग क्लायंटला समजवायला लागत नाही.

छताचं वेगळं आहे, ते आरईटीव्हीत येत नाही, त्याला यू-व्हॅल्यू १.२ च्या आत पायजे. नुसता सहा इंची स्लॅब तीनच्या वर जातो, म्हणूनच वरच्या मजल्यावर रात्री अकराला पण पंखा गरम वारा देतो. वीटतुकड्यांचा कोबा थोडं काम करतो पण एकटा पुरत नाही, खाली किंवा वर इन्सुलेशनचा थर लागतो. आणि वर पांढरं करा. चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी, सगळ्यात टिकाऊ, नसेल तर कूल रूफचा पेंट, तेही नसेल तर चुना. चुना दर उन्हाळ्याला मारायला लागतो एवढंच. जुन्या घरात राहणाऱ्यांनी आजच्या आज करायचं काम सांगा म्हणाल तर हेच सांगेन.

चौथं: फाइल. मी आपटलो ते इथं

मिरज रोडच्या बाजूला एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह होतं, १८०० चौरस मीटर. स्वग्रिहा करायचं ठरलं, मी मोजून तीन स्टारचा शब्द दिला. विटा फ्लाय अॅशच्या, पावसाचं पाणी बोअरला, सगळं खरंखुरं केलं होतं. शेवटी कागद लावायची वेळ आली तर विटांची चलनं, म्हणजे माल आल्याच्या पावत्या, नाहीत. ट्रकवाला चलन वॉचमनला द्यायचा, वॉचमन ते खिळ्याला टोचायचा, पावसात त्याचा लगदा झाला. बरं, रिचार्ज पिटचे, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याचे, फोटो बघायला गेलो तर एकच फोटो, तोही वर फरशी बसवल्यानंतरचा, झाकण आणि शेजारी उभा सुपरवायझर. आत दगड आहेत, खडी आहे, वाळू आहे का नुसता कचरा भरलाय हे झाकणावरनं कोण सांगणार? मार्क गेले, दोन स्टार मिळाले. ट्रस्टींनी काही बोललं नाही, पण एक काकी म्हणाल्या, "बाळ, अभ्यास केला होतास पण पेपर कोरा दिलास." तेव्हापासून मी हे करतो:

फाउंडेशनच्या दिवशीच एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढायचा, साइटचं नाव आणि "कागद" असं. त्यात गप्पा नाहीत, गुड मॉर्निंग तर अजिबात नाही. ट्रक आला की चलनाचा फोटो ट्रकच्या नंबरासकट. जे काही झाकलं जाणार आहे, पिट, पाइप, इन्सुलेशन, जाळी, ते झाकायच्या आधी फोटो, त्यात टेप धरून माप दिसलं पायजे. काळ्या मातीचा ढीग ताडपत्रीसकट. नळ, टँक, पंखे, दिवे यांची बिलं आणि कॅटलॉगचं पान. रंगाच्या डब्याचा मागचा भाग, व्हीओसी, म्हणजे रंगातनं हवेत उडणारी रसायनं, किती ते तिथं लिहिलेलं असतं. दर शनिवारी ते सगळं कॉम्प्युटरवर निकषाच्या नंबराच्या फोल्डरमध्ये टाकायचं, फोल्डर १ ते १४. हे काम साइट इंजिनिअरला जमत नाही, त्याला स्लॅबचं टेन्शन असतं. ऑफिसमधल्या मुलीला द्या, ती त्याला बरोबर फोन करून छळते.

क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीट पक्कं व्हायला मारतात त्या, पाण्याचं पण लिहून ठेवा. कॉलमला किलतान (गोणपाट) गुंडाळून ओलं ठेवलं तर पाइपनं मारण्यापेक्षा किती तरी कमी पाणी लागतं, स्लॅबवर आळी करा.

बाकी प्रक्रिया सोपी आहे. नोंदणी करायची, डिझाइनवरनं अंदाजे मार्क भरायचे, बांधकाम चालू असताना कागद गोळा करायचे, पूर्ण झाल्यावर अर्ज, ते तपासतात, शंका काढतात, उत्तरं द्यायची, मग अंतिम रेटिंग. अंदाज भरताना पाहिजे त्यापेक्षा तीन-चार मार्क जास्त धरून चला, तेवढे गळतातच.

बिल्डर आणि फ्लॅट घेणाऱ्यांसाठी

बिल्डर मंडळींना यात रस का आला ते उघड आहे, एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. राज्याच्या २०२० च्या यूडीसीपीआर या बांधकामाच्या नियमावलीत ग्रिहा तीन स्टार किंवा आयजीबीसी सिल्व्हरला मूळ एफएसआयवर ३ टक्के जादा, चार स्टार किंवा गोल्डला ५, पाच स्टार किंवा प्लॅटिनमला ७. समजा २००० चौरस मीटरचा प्लॉट आणि मूळ एफएसआय १.१, म्हणजे २२०० चौरस मीटर, त्यावर ३ टक्के म्हणजे ६६, ७ टक्के म्हणजे १५४. पाच स्टारला दीड हजारांच्या वर स्क्वेअर फूट फुकट, म्हणजे दोन फ्लॅट. पण शब्द देऊन शेवटी तेवढं रेटिंग आलं नाही तर त्या जादा एफएसआयवर रेडीरेकनरच्या (सरकारी) जमीनदराच्या दुप्पट दंड बसतो, त्यामुळं वरची फाइल बिल्डरनं तर अजूनच सांभाळायला पायजे. सरकारी, निमसरकारी आणि पालिकेच्या इमारतींना किमान तीन स्टार किंवा सिल्व्हर याच नियमात सक्तीचं केलंय. तुमच्या गावात नवीन सरकारी इमारत झाली असेल तर दारात पाटी आहे का बघा, नसेल तर विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि फ्लॅट घेणाऱ्यांनो, ब्रोशरवर हिरवं पान छापलंय म्हणजे रेटिंग नाही. "प्री-सर्टिफाइड" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ डिझाइनला मान्यता आहे, इमारत अजून तपासलेली नाही. रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि त्या संस्थेच्या साइटवरच्या यादीत प्रोजेक्ट शोधा. "रजिस्टर्ड" म्हणजे तर नुसतं शाळेत नाव घातलंय, परीक्षा व्हायचीय. सेल्समनला एकच प्रश्न विचारा, पश्चिमेच्या बेडरूमची खिडकी किती उघडते? तो ब्रोशर चाळायला लागला की समजून जा.

जुन्या सोसायटीवाल्यांनी घाबरून जाऊ नये, सगळं पाडायची गरज नाही. एक वर्षाची कॉमन मीटरची बिलं, टँकरच्या पावत्या, कचरा ओला-सुका किती, एवढ्यावर सुरुवात होते. कॉमन दिवे आणि पंपासाठी सोलर लावायला सोसायटीला सूर्यघरमध्ये किलोवॅटमागं १८,००० मिळतात. भांडण होतं ते फक्त गच्ची कुणाची यावर, तो विषय मीटिंगच्या अजेंड्यात शेवटी ठेवू नका, लोक तोवर उठून गेलेले असतात आणि नंतर म्हणतात आम्हाला विचारलं नाही.

मिळालेलं ग्रिहाचं रेटिंग पाच वर्षं चालतं, मग परत बिलं दाखवून नवीन करायला लागतं. वसतिगृहाचं नूतनीकरण येतंय, यावेळी मी रेक्टर मॅडमना दर महिन्याच्या पाच तारखेला लाइटबिल, पाण्याचं मीटर रीडिंग आणि गच्चीच्या गाळणीचा फोटो ग्रुपवर टाकायला सांगितलंय. मागच्या मे महिन्यातल्या फोटोत गाळणीत शटलकॉकची तीन पिसं आणि एक चप्पल निघाली.